हॉटेलातले ते बिल

आमच्या मुलीचा बारावीचा निकाल ५ मे २०२५ रोजी लागला. कॉमर्सला ८१ टक्के गुण मिळाले. मी स्वतः बी. कॉम. झाले ती लग्नानंतर, नोकरी सांभाळून, कालिन्याच्या विद्यापीठातून बाहेरून परीक्षा देऊन. त्यामुळे पोरीचे गुणपत्रक बघताना मला काय वाटले ते आमच्यासारख्या घरांतल्या भगिनींना वेगळे सांगायला नको. वस्तीत पेढे वाटले. विहारात महिला मंडळाच्या बायकांनी तिला फूल देऊन कौतुक केले. घरी आल्यावर मी तिला विचारले, "तुला काय पाहिजे?"

ती म्हणाली, "सगळे मिळून एसी हॉटेलात जेवायला जाऊ. आजीला पण घेऊन."

सोमवारी १२ तारखेला बुद्धपौर्णिमा होती. त्या दिवशी मला विहारातल्या कार्यक्रमातून सवड नसते. म्हणून आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी जायचे ठरले. मी, आमचे मिस्टर, मुलगी, धाकटा मुलगा आणि माझी आई, असे पाच जण. आम्ही वाकोल्याला राहतो. पाच माणसे एका रिक्षात बसत नाहीत, म्हणून दोन रिक्षा करून स्टेशनपर्यंत आणि मग पूल ओलांडून पश्चिमेला. मुलीने मैत्रिणींकडून ऐकलेले एक नवे हॉटेल होते. त्याचे नाव इथे लिहीत नाही. तक्रार जिथे करायची तिथे केली आहे.

आईविषयी आधी थोडे सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. आई सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची. तिच्या लहानपणी, म्हणजे १९६० नंतरच्या काळात, एसटी थांब्यावरच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर भिंतीच्या देवळीत ठेवलेले असत. कान तुटलेले कप. आपला कप आपण घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळून परत देवळीत ठेवायचा. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला होता, पण कप देवळीतच होते. लग्न होऊन ती सांताक्रूझला आली. वडील रेल्वेत गँगमन होते. ते आजारी पडले तेव्हा, १९८६ साली, आई स्टेशनजवळच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागली. बारा वर्षे तिने ते काम केले. मी शाळा सुटल्यावर दप्तर घेऊन हॉटेलच्या मागच्या गल्लीत, सोड्याच्या रिकाम्या क्रेटवर बसून तिची वाट बघायची. मोरीतून गरम पाण्याची वाफ यायची. सोड्याने तिची बोटे कातरलेली असत. घरी आल्यावर ती त्यांना खोबरेल लावायची. कप फुटला की पगारातून पैसे कापत. त्या हॉटेलात पुढच्या बाजूला, टेबलावर बसून ती एकदाही जेवली नाही. आता तिथे मोबाईलचे दुकान आहे.

अशी ही माझी आई पांढरी साडी नेसून, नातवाचा हात धरून त्या एसी हॉटेलात शिरली.

आत सात-आठ टेबले रिकामी होती. पण आम्हाला बसवले ते आतल्या कोपऱ्यात, स्वयंपाकघराच्या झुलत्या दरवाजाशेजारी. पुढचे टेबल मागितले तर "रिझर्व्ह्ड आहे" असे उत्तर आले. नंतर दोन कुटुंबे आली, दारात जराही न थांबता त्याच टेबलांवर बसली. आमचे कपडे बघून, चपला बघून की आईचा चेहरा बघून आम्हाला तिथे बसवले, ते मला सांगता येणार नाही. आमची जात कोणी विचारली नव्हती. कदाचित त्या लोकांनी खरेच फोन केला असेल. मुलीचा दिवस होता, म्हणून मी गप्प बसले.

मेनू कार्ड इंग्रजीत. मुलगी आजीला वाचून दाखवत होती. आई प्रत्येक पदार्थाला किंमत विचारायची आणि मुलगी निम्मीच सांगायची. चौथ्या पदार्थाला आई म्हणाली, "खरं सांग गं, मी काय पळून जात न्हाई." आम्ही सगळे हसलो. तेवढा वेळ फार चांगला गेला.

वेटर वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. आईने त्याला गाव विचारले, तो धाराशिवकडचा निघाला. साधे पाणी मागितले असताना त्याने दोन बाटल्या आणून फोडल्या. मुलाला तहान लागली होती, त्याने लगेच ग्लास भरून घेतला. मग पाऊण तास काही आले नाही. मसाला पापड खाऊन पोरे कंटाळली. बिर्याणी आली ती वरून चटका बसेल एवढी गरम आणि खाली गार. त्यानंतर रोट्या, दाल, पनीर आणि चिकन कढाई.

चिकनचा वाडगा टेबलावर ठेवला आणि आईने मुलीच्या ताटावर आडवा हात धरला.

"खाऊ नकोस. रस्सा कालचा हाय."

मी चाखून पाहिले. आधी मसाल्याची चव आणि मागून आंबूस वास. वेटरला बोलावून सांगितले. तो काही न बोलता वाडगा घेऊन गेला आणि दहा मिनिटांनी परत घेऊन आला. वर कोथिंबीर आणि मलईचा पांढरा गोल. आईने चमच्याने मलई बाजूला केली. मघाशी तिनेच तंगडीचा एक तुकडा मोडून पाहिला होता. तो मोडलेला तुकडा तसाच खाली होता.

इथे माझी चूक झाली, ती लपवत नाही. मी त्या पोराला मोठ्याने बोलले. "आम्ही काय भिकारी वाटलो का तुला?" असे काहीतरी बोलले असेन. आजूबाजूची माणसे बघायला लागली. तो पोरगा खाली मान घालून उभा.

आई मला म्हणाली, "त्याच्यावर कशाला वरडतीस? त्यानं शिजवलंय का? आता परत पाठवू नकोस. परत गेलेलं ताट पोराच्या पगारावर पडतं."

तिने त्याला विचारले, "कापत्यात का रे, बाळा?" तो काउंटरकडे बघून हळूच म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त पैसे भरा ना."

भगिनींनो, इतकी वर्षे मी वस्तीत रेशन कार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. ऑफिसात साहेबाशी भांडून लोकांची कामे करून घेते. पण त्या क्षणी मला कळेना की आता कोणाशी भांडायचे आणि कोणासाठी. मी भांडले तर दंड त्या पोराला. नाही भांडले तर शिळे खाऊन वर पैसे द्यायचे. मी बिल मागवले.

बिल वाचायची मला सवय आहे, दिवसभर तेच काम करते. पदार्थांची बेरीज २,६२० रुपये. त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज २६२. झाले २,८८२. आणि या २,८८२ वर पाच टक्के जीएसटी १४४ रुपये १० पैसे. एकूण ३,०२६. म्हणजे सर्व्हिस चार्ज तर लावलाच होता, शिवाय त्या सर्व्हिस चार्जवरही कर लावला होता. सर्व्हिस चार्ज नसता तर २,६२० वर १३१ रुपये कर, एकूण २,७५१. जवळजवळ पावणेतीनशे रुपयांचा फरक. आमच्या घरी एवढ्यात दोन दिवसांची भाजी आणि दूध येते.

पुष्कळ वाचकांना सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर वाटतो. मलाही काही वर्षांपूर्वी वाटायचा. तो कर नाही. सरकारकडे जातो तो जीएसटी. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाला स्वतःसाठी लावतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नेमलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणत्याही हॉटेलने हा चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, त्यासाठी सक्ती करू नये, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावू नये, असे त्यात स्पष्ट आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्यांना त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. जवळजवळ पावणेतीन वर्षांनी, २८ मार्च २०२५ रोजी, न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्च भरायला लावला. संघटनांनी त्यावर अपील केले. आमचे जेवण झाले ते निकालानंतर दीड महिन्याने.

मी बिल घेऊन काउंटरवर गेले. मिस्टर माझ्या मागे. मॅनेजरने बिल माझ्या हातातून घेतले आणि बोलायला लागला तो त्यांच्याशी. "साहेब, मॅडमना जरा समजवा. सर्व्हिस चार्ज सगळीकडे असतो."

हे म्हणाले, "आमच्याकडे हिशेब याच बघतात."

मग त्याला माझ्याकडे बघावे लागले. त्याने मेनू कार्डाचे शेवटचे पान उघडले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात दहा टक्क्यांची सूचना होती. मी म्हटले, छापले म्हणून सक्ती करता येत नाही, दिल्ली हायकोर्टाचा निकाल आहे. तो म्हणाला, "मॅडम, कोर्ट दिल्लीचं आहे. ही मुंबई आहे." मी म्हटले, सूचना ज्या प्राधिकरणाने काढल्या ते सगळ्या देशाचे आहे, कायदा केंद्राचा आहे, सांताक्रूझ त्यातून वगळलेले नाही.

पाण्याच्या बाटल्यांवरून मात्र मी भांडले नाही, हेही सांगते. छापील किमतीपेक्षा जास्त लावले होते. पण हॉटेलात बसून प्यायच्या बाटलीला जास्त पैसे घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी म्हटले आहे. तिथे कायदा त्याच्या बाजूने होता आणि पाणी आमच्या पोटात गेले होते. भांडायला जायचे तर आपली कुठली बाजू कच्ची आहे ते आधी बघावे, नाहीतर समोरचा नेमका तोच धागा ओढतो.

मॅनेजरने मग आवाज बदलला. "हा पैसा स्टाफला जातो, मॅडम. तुम्ही गरिबाच्या पोटावर मारताय."

तो पोरगा चार पावलांवर रिकामा ट्रे छातीशी धरून उभा होता. त्याला विचारले असते तर खरे-खोटे लगेच कळले असते. पण त्याने खरे सांगितले तर नोकरी जाणार आणि खोटे सांगितले तर मालकाचा साक्षीदार होणार. मी विचारले नाही. म्हटले, "स्टाफचा पगार तुम्ही द्यायचा. वर काही द्यायचं ते आम्ही आमच्या हाताने देऊ. आणि हे चिकन खराब होतं, त्याचे ४६० रुपये काढा, आणि ते त्या मुलाकडून घेऊ नका."

मॅनेजर हसला. म्हणाला, "पहिल्यांदाच आलात वाटतं अशा हॉटेलात?"

वाचकहो, मी अडखळले. सभेत बोलणारी, मोर्चात घोषणा देणारी बाई मी, पण तेवढ्या एका वाक्याने माझे कान तापले आणि तोंडातून शब्द येईना. कारण ते खरे होते. या हॉटेलात, असल्या हॉटेलात, आम्ही पहिल्यांदाच आलो होतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत आजच्या कलम १५ वर चर्चा झाली. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत कोणालाही जात-धर्म-लिंग यांवरून मज्जाव करता येणार नाही, असे ते कलम. दुकान म्हणजे नक्की काय, असा प्रश्न आला तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मुद्दाम मोठा सांगितला: जो कोणी सेवा द्यायला बसला आहे आणि ती मागायला येणाऱ्याला देतो, ते सगळे त्यात आले, न्हाव्याचे दुकान, धोब्याचे दुकानसुद्धा. आत यायचा हक्क तिथे मिळाला. पण आत आल्यावर टेबलावर बसून "हे शिळे आहे" म्हणताना आपला आवाज का बसतो, हे मी त्या रात्रीपासून स्वतःला विचारते आहे.

आई कधी उठून काउंटरशी आली ते मला कळले नाही. ती मॅनेजरला म्हणाली, "टेबलावर पहिल्यांदाच बसले. आत मोरीवर बारा वर्षं होते. तुमच्या आतल्या भांड्यात रस्सा कवाचा हाय, ते हितनं वासावर सांगते. जाऊ का आत?"

ती ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात बोलली. मॅनेजर तिच्याकडे बघत राहिला. मागच्या टेबलावरच्या एका मुलाने मोबाईल वर धरला, तेव्हा आमच्या मुलीने त्याला शूटिंग करू नका म्हणून सांगितले. मॅनेजरने मशीनवर बोटे आपटली आणि नवे बिल काढले. २,७५१. सर्व्हिस चार्ज गेला होता. चिकन तसेच होते. "ते किचनचं मॅटर आहे, मला अधिकार नाही," म्हणाला.

मी तिथेच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर लावला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ती हेल्पलाईन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, हे मलाच ठाऊक नव्हते. मॅनेजरला मजा वाटली असणार. पोरे पेंगुळली होती. पैसे भरले, पण आधी दोन्ही बिले ठेवून घेतली आणि दुसऱ्यावर 'चिकन कढाई आंबलेली, पैसे तक्रारीसह भरले' असे लिहून खाली तारीख आणि वेळ टाकली. बाहेर पडताना आईने कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढून त्या पोराच्या मुठीत दाबली. मीही त्याला म्हटले, "मघाशी तुला बोलले, चुकले माझे." तो "नाही मॅडम, असू दे" म्हणाला आणि पटकन आत गेला.

मुलगी रिक्षात काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मम्मी, पुढच्या वेळी आपण वडापाव खाऊ." मला ते चिकनच्या वासापेक्षा जास्त लागले. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली. नोंदणी क्रमांक मिळाला. शिळ्या अन्नाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी केली. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक छापणे सक्तीचे आहे, तो क्रमांक बिलाच्या तळाशी असतो. तक्रारीत तो घातला की कुठले हॉटेल याचा घोळ राहत नाही. हेल्पलाईनवरून काही झाले नाही तर वांद्रे पूर्वेला उपनगर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि वकील लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावे लागते. शेजारी विलेपार्ल्यात मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालापासून काम करते आहे. आपल्या वस्तीतल्या किती जणांना ती माहीत आहे? मला तर या प्रकरणानंतरच माहीत झाली.

आठ-दहा दिवसांनी ऑफिसातून येताना मी मुद्दाम त्या हॉटेलवरून गेले. तो पोरगा मागच्या गल्लीत उभा राहून चहा पीत होता. त्याने मला ओळखले. किती कापले, विचारले. आधी सांगेना. मग म्हणाला, "अर्धे. दोनशे तीस." मी पर्स उघडली, तर मागे सरकला. "आजींनी शंभर दिले ना," म्हणाला. वेतनाच्या १९३६ च्या कायद्यात नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणानेच झाले असेल आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच पगार कापता येत असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली वेतन संहिताही तेच सांगते. मी त्याला त्या दिवशीचा कायदा सांगितला. तो ऐकून घेत होता, पण लक्ष दरवाजाकडे होते.

जून महिन्यात हॉटेलच्या कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. गोड आवाजाची बाई होती. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, आणि आमच्या पाच जणांना एक वेळचे जेवण फुकट. मी फोनवर हात ठेवून आईला सांगितले. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "फुकटचं जेवाण नको म्हणावं. त्या पोराचं दोनशे तीस परत द्या म्हणावं."

मी तसेच सांगितले. चिकनचे ४६० आणि त्यावरचा कर २३, असे आमचे ४८३ रुपये आम्हाला, आणि वेटरचे कापलेले पैसे वेटरला. आधी त्याचे, मग आमचे. मात्र यावरून त्याला कामावरून काढले तर मी पुन्हा तक्रार करीन, हेही बजावले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग "चौकशी करून कळवते" म्हणून तिने फोन ठेवला.

आमचे ४८३ रुपये जुलैत बँकेत जमा झाले. पोराचे काय झाले ते कोणी कळवले नाही. दोनदा जाऊन आले, तो दिसला नाही. काउंटरवर मॅनेजरही दुसरा होता. "ते पोरगं गावाला गेलं," एवढेच कोणीतरी म्हणाले. आई अधूनमधून विचारते, मी नाही म्हणून मान हलवते.

दोन्ही बिले माझ्या फाईलीत आहेत. तो मशीनचा गुळगुळीत कागद, त्यावरची छपाई आताच फिकी पडायला लागली आहे, म्हणून दोन झेरॉक्स काढून ठेवल्या. एक हेल्पलाईनच्या नोंदणी क्रमांकासोबत, दुसरी आईच्या पेटीत. तिनेच मागून घेतली.